दम बघायचं शिंग

"फुंक रे रावज्या. पाहुण्यांना ऐकू दे."

धाकला खोत ओट्यावर झोपाळ्यात बसून बोलला. शिमग्याचे दिवस होते. त्याच्या बाजूला महाडाहून आलेले दोन पाहुणे पान चघळत बसले होते. खाली अंगणात माझा आबा उभा, हातात आमच्या घरचं पितळी शिंग. मी त्याच्या मागे, परकर सावरत. वाडीतली बाकी माणसं कुडाला टेकून उभी. ओट्यावर चढायची आम्हाला परवानगी नव्हती. आम्ही खोताची कुळं.

आबाने शिंग तोंडाला लावलं. आवाज निघाला नाय. नुसती हवा. परत लावलं. गाल फुगले, मानेच्या शिरा वर आल्या आणि मग खोकला आला. असा खोकला की उभं राहवेना. वाकला, गुडघ्यांवर बसला, आणि तोंडातून जे पडलं ते खोताच्या ताज्या सारवलेल्या अंगणात पडलं.

पाहुणे हसले. एक बोलला, "हाच का तो तुमचा शिंगवाला? आमची म्हातारी चूल बरी फुंकते ह्याच्यापेक्षा."

खोत हसला नाय. तो अंगणाकडे बघत होता. "सणाचं अंगण घाण केलंस," बोलला. मग माझ्याकडे बोट केलं. "ही तुझी का? ए पोरी, पूस ते."

मी इकडेतिकडे बघितलं. फडकं कुठे दिसेना.

"परकराने पूस. परकर धुता येतो."

मला वाटलं, आता आबा 'नाय' बोलेल. माझा आबा. ज्याच्या शिंगाचा आवाज सावित्री नदीच्या पलीकडच्या वाड्यांत जायचा, तो माझा आबा काहीतरी बोलेल. आबा जमिनीकडे बघत होता. धापा टाकत, तुटक तुटक बोलला, "पूस बाय."

मी पुसलं. परकर नवा होता. आबानेच मुंबईहून आणलेला, शिमग्यासाठी. पुसताना माझ्या कानात पाहुण्यांच्या पान थुंकण्याचा आवाज येत होता. ते थुंकत होते त्याच अंगणात, तुळशीच्या अलीकडे. त्यांचं कोणी पुसलं नाय.

लोक मला अजून सांगतात, खोताला अरेतुरे बोलू नको गो, मोठी माणसं ती. मी अरेतुरेच बोलणार. जो माझ्या परकराने थुंकी पुसून घेतो, त्याला मी अहोजाहो करू? कशासाठी?

आता शिंगाचं सांगते.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत. नाचणी, वरी, खालच्या खाचरात थोडं भात. जमीन सगळी खोताची. देवीच्या पालखीपुढे शिंग फुंकायचा मान मात्र आमच्या घराण्याकडे, आजोबांपासून. शिंग आमच्या घरात, मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला टांगलेलं. शिमग्याला ते उतरायचं, चिंचेने घासायचं, पालखी निघाली की आबा पुढे. एका श्वासात पालखी देवळापासून होळीच्या माळापर्यंत जायची, तोवर आबाचा सूर तुटायचा नाय. बायका कौतुकाने बघायच्या. माझी आय डोळे खाली घालून हसायची.

धाकल्या खोताने ह्या शिंगाचा वेगळाच उपयोग काढला.

मोठा खोत घरची खोती बघायचा आणि हा धाकला मुंबईला गोदीत ठेकेदारी करायचा. आगबोटींच्या पोटात मोठमोठे बायलर असतात, वाफेचे नळ असतात. त्यांच्यावर पांढरं जाड अस्तर चढवतात, आतली ऊब बाहेर जाऊ नये आणि माणूस भाजू नये म्हणून. जुनं अस्तर खराब झालं की ते फोडून काढायचं आणि नवं चढवायचं. त्या मालाला साहेब लोक अस्बेस्टॉस बोलतात. आमची माणसं त्याला पांढरा कापूस बोलायची. कापूस कसला, दगडातून निघतो तो. आगीत टाका, जळत नाय. त्या कामाचा ठेका ह्याचा, आणि माणसं आमच्या वाड्यांतली.

नळांच्या मधल्या सांदीत शिरायचं, वर बायलरची धग, वारा कुठूनच नाय. तिथे शहरातला माणूस टिकत नाय, असं खोत सांगायचा. दमाचा माणूस पाहिजे. म्हणून तो दरसाल शिमगा सरला की अंगणात दम बघायचा. मुंबईला जायचं त्या गड्याने भाताचं पोतं पाठीवर घेऊन देवीच्या टेकाडावर चढायचं, उतरून धावत अंगणात यायचं, आणि उभ्या उभ्या आमचं शिंग फुंकायचं. ज्याचा आवाज लांब चालेल त्याला जागा. ज्याला धाप लागेल तो घरी. बैल घेताना दात बघतात, तशी हा छाती बघायचा.

आणि आमची माणसं खूश. खोताने निवडला म्हणून छाती काढून चालायची. वाडीतली सगळ्यात चांगली छाती कोणाची, हे खोत ठरवायचा, आणि मग तीच छाती तो घेऊन जायचा. आबाला त्याने पहिल्याच खेपेला निवडलेला. माझा जन्मपण व्हायचा होता तेव्हा.

आबा वर्षातून एकदा यायचा, शिमग्याला. त्याचं बोचकं सोडलं की पांढरा भुगा उडायचा. आय त्याचे कपडे ओढ्यावर नेऊन दगडावर आपटायची तेव्हा पाणी दुधासारखं व्हायचं. तो माल ज्या गोणपाटात यायचा त्याच्या रिकाम्या गोणी आबा घरी आणायचा. जाड, ऊबदार. आयने त्यांची गोधडी शिवली. मी आणि माझा भाऊ धोंडू त्याच गोधडीत लहानाचे मोठे झालो. अंगाला खाज सुटायची. आय बोलायची, मुंबईची ऊब हाय ती, सोसा. तिला कोणी सांगितलं होतं? आम्हाला कोणी कधी काय सांगितलं?

हाताला आबाच्या घट्टे यायचे, साधे नाय. बारीक कुसं कातडीत घुसायची आणि त्यावर कठीण गाठ धरायची. सुईने कोरून काढायचा तो, आमच्या घरच्या ओट्यावर बसून. मी बघायची. हाताला गाठ येते ते दिसतं. छातीत काय होत होतं ते कोणाला दिसत नव्हतं.

परकराने पुसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा परत मुंबईला गेला. जायला पाहिजेच होतं. नाय गेला तर खोत खाचर काढून घेणार. त्या वर्षापासून पालखीपुढे शिंग धोंडू फुंकायला लागला. पोरगा तयारीचा होता, वाडीत सगळे बोलले बापाची छाती आली. मला ते ऐकून बरं वाटायचं नाय. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

माझं लगीन झालं आणि वर्षभरातच नवरा पटकीत गेला. सासरच्यांनी माघारी पाठवलं. कपाळ पुसून माहेरी आले. आय त्याच साली तापाने गेली. घरात मी आणि धोंडू.

एक दिवस मुंबईहून वाडीतला माणूस निरोप घेऊन आला. "रावजीला घेऊन जा. त्याच्याने जिना चढवत नाय."

आम्ही दोघं दासगावच्या बंदरावरून बोटीत बसलो. मी पहिल्यांदाच मुंबई बघत होते, पण मुंबईचं मला काय आठवत नाय. माझगावातली गावकीची खोली आठवते. आपल्याकडची वीसपंचवीस माणसं पाळीपाळीने झोपायची ती. आबा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला. आडवं पडता येत नव्हतं. आडवा झाला की श्वास अडकायचा. बसूनच झोपायचा. बोटांची टोकं सुजून गोल झालेली, ढोलाच्या टिपरीसारखी. ओठ निळे. मला बघून हसायला गेला आणि खोकला आला.

खोकला ऐकला मी. कोरडा. करकर करणारा. वाळलेल्या पेंढ्यावरून कोणी चालतंय असा आतून आवाज यायचा. त्याच्या पाठीला हात लावला तर हाताला लागायचा.

दवाखान्यात नेला. मोठा दवाखाना, रांग मोठी. डॉक्टर आपलाच होता, पुण्याकडचा, शुद्ध बोलणारा. आबाच्या छातीला त्याने नळी लावली आणि विचारलं, "काय काम करतोस?"

आबा बोलला, "हमाली."

मी आबाकडे बघितलं. धोंडूने पण बघितलं. आबाने मान खाली घातली.

डॉक्टर बोलला, "क्षय दिसतोय. तुम्ही लोक एकेका खोलीत तीस तीस जण कोंबून राहता. जिथे तिथे थुंकता. मग होणार नाही तर काय? गावी न्या. ताजी हवा, दूध, अंडी द्या." आणि दुसऱ्या माणसाला हाक मारली.

तीस जण कोंबून राहतो. हौस हाय ना आम्हाला. डोंगरावर चारी बाजूंनी वारा लागतो ते सोडून आम्ही मुंबईला कोंडून घ्यायला येतो, थुंकायची हौस म्हणून. मला तिथेच बोलायचं होतं. बोलता आलं नाय. डॉक्टरपुढे तोंड उघडायची तेव्हा सवय नव्हती.

बाहेर आल्यावर विचारलं, "आबा, हमाली का सांगितलंस?"

दवाखान्याच्या पायरीवर बसला. एकेक शब्द श्वास घेऊन बोलला. "खोतांनी सांगितलंय. पांढऱ्या कामाचं नाव दवाखान्यात काढायचं नाय. काढलं तर... माझ्यामागे धोंड्याला जागा नाय."

जागा. हा शब्द नीट ऐका. गोदीत असाच कायदा होता. माणूस मेला की त्याची जागा त्याच्या पोराला. खोत ते उपकार म्हणून द्यायचा आणि आम्ही उपकार म्हणून घ्यायचो. माझा बाप मरत होता आणि मरताना ते मरण सांभाळून ठेवत होता, पोराला द्यायला. त्याच्याकडे द्यायला दुसरं काय नव्हतं.

धोंडूच्या डोळ्यांत मी बघितलं. त्याला जागा पाहिजे होती. वीस वर्षांचा झालेला, लगीन व्हायचं होतं, वाडीत खाचराच्या तुकड्यावर किती दिवस काढणार? त्याला मुंबई पाहिजे होती. मी त्याला दोष देत नाय.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच खोताला शोधत गेले. आबाला घरी न्यायचा तर मालकाला विचारल्याशिवाय नेता येत नाय, असं खोलीतली माणसं बोलली. गोदीच्या दरवाजाबाहेर त्याची पत्र्याची शेड होती. तिथे माल उतरायचा आणि गोण फोडून हाताने पिंजायचा, मग पाण्यात कालवून बोटीवर जायचा. दारातून मी आत बघितलं. माणसं दिसत नव्हती. पांढरं सगळं. हलायची तेव्हा कळायचं माणूस हाय. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. त्यातली दोन माणसं आमच्या पलीकडच्या वाडीतली होती, मला ती आवाजावरून कळली. एक खोकत होता आणि पिंजत होता. पिंजत होता आणि खोकत होता.

आणि बाहेर, दारापासून चांगला लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, खुर्ची टाकून धाकला खोत बसलेला. तोंडाला आणि नाकाला उपरणं गच्च बांधलेलं. दोन घड्या घालून, मागे गाठ मारून.

एक गडी आतून काही विचारायला आला तर खोताने लांबूनच हात केला. "तिथूनच बोल. अंगावर येऊ नकोस, भुगा उडतो."

मी उभी राहिले. तिथे उभी राहिले आणि मला कळलं. इतका वेळ मला वाटत होतं, कोणालाच ठाव नाय. नशीब, देवीचा कोप, मुंबईचं पाणी, जे काय ते. पण ह्याला ठाव होतं. चांगलं ठाव होतं. गाठ मारून बांधण्याइतकं ठाव होतं.

मी पुढे गेले. बोलले, "मी रावजीची मुलगी. आबाला घरी नेते."

"ने. आता त्याचा उपयोग काय?"

"खोत, तुम्ही नाकाला काय बांधलंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हसला. उपरण्याच्या आतून हसला, डोळ्यांवरून कळलं मला. बोलला, "आम्हाला सोसत नाही गो ते. तुमचं वेगळं. तुमची डोंगरातली छाती, तिला काय होतंय? म्हणून तर तुम्हाला आणतो."

बोलायला गेले असते तर हात उचलला गेला असता. मागे फिरले. सगळ्या रस्त्याने ते एकच डोक्यात. तुमची छाती वेगळी. मग माझ्या बापाच्या छातीत करकरतंय ते काय हाय?

आबाला आणला. बंदरापासून वर डोलीत घालून आणला, वाडीच्या माणसांनी खांदा दिला. जिथून तो पोतं घेऊन धावत उतरायचा त्या चढावर त्याला चार माणसांनी वाहून नेला. घरी मेढीला टेकून बसवला. वर शिंग टांगलेलं. कधी कधी मान वर करून बघायचा त्याच्याकडे. भात झोडायच्या दिवसांत गेला. शेवटी शेवटी बोलणं थांबलेलं, कारण बोलायला हवा लागते. तोंड उघडं आणि डोळे मोठे. पाण्यात बुडणारा माणूस बघितलाय का? तसा कोरड्या घरात बुडला माझा आबा.

बाराव्याला भावकी जमली. नाते गावाहून आमचा मामा आला, दुखवट्याचं पागोटं घेऊन. बाप मेला की पोराच्या डोक्याला पागोटं बांधतात, आता घर तुझं म्हणून. मामाने घडी उलगडली तेवढ्यात बाहेर गडबड झाली. धाकला खोत आला.

कुळाच्या बाराव्याला खोत येत नाय. तो आला म्हणून सगळी भावकी उठून उभी राहिली. कोणी घोंगडी झाडली, कोणी पाट आणला. त्याने स्वतःचं पागोटं आणलेलं, तांबडं, जरीच्या काठाचं. मामाला बाजूला सारलं आणि बोलला, "रावजी माझा माणूस होता. त्याच्या मुलाला पागोटं मीच बांधणार. आणि त्याची जागा धोंडूला."

भावकीत कौतुकाची कुजबुज झाली. मामा मागे सरला. खोताने पागोटं बांधलं. धोंडू वाकून त्याच्या पाया पडला.

तेवढ्यावर थांबला असता तर कदाचित मी गप्प बसले असते. कुठे बोलणार, विधवा बाई, कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेली. पण त्याची नजर मेढीवर गेली. शिंगावर.

"आण रे ते खाली," तो बोलला. "धोंडू, फुंक बघू. बापाचा दम उतरलाय का बघतो. मग उद्या मुंबईला चल माझ्याबरोबर."

बाराव्याच्या दिवशी. आबा जिथे टेकून बसायचा, जिथे बसल्या बसल्या मेला, त्या मेढीखाली. चुलीपाशी आबाच्या नावाचं पान वाढून ठेवलेलं, कावळ्याला द्यायचं. आणि हा माझ्या भावाची छाती बघतोय.

कोणीतरी शिंग उतरवलं. धोंडूच्या हातात दिलं. धोंडूने छाती भरून श्वास घेतला. माझ्या भावाची छाती, चांगली, रुंद. मी ती वर येताना बघितली.

मी उठले. कशी उठले ते ठाव नाय. तोंडाला लागायच्या आत शिंग त्याच्या हातातून ओढून घेतलं. मग दुसऱ्या हाताने पागोटं ओढलं. विधवा बाईने पुरुषाच्या डोक्याला हात लावायचा नसतो, दुखवट्याच्या पागोट्याला तर नायच. ओढलं. खोताच्या पायाशी जाऊन पडलं ते.

"काय गो करतेस?" मामा ओरडला.

मी खोतासमोर गेले आणि शिंग पुढे केलं. बोलले, "तुम्ही फुंका."

"काय?"

"तुम्ही फुंका. तुमची छाती चांगली हाय. तुम्ही उपरणं बांधलं होतं. मी बघितलंय. सगळ्यांना सांगा का बांधलं होतं ते."

खोताचा चेहरा लाल. "रावजीला क्षय झाला होता. डॉक्टरने सांगितलंय."

"डॉक्टरला हमाली सांगायला तुम्ही लावलंत. पांढऱ्या कामाचं नाव काढू नको बोललात. का?"

त्याने भावकीकडे बघितलं. "ह्या बाईला आवरा," बोलला. "नाहीतर मला आवरायला लागेल."

मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. त्यातल्या चार घरांत तरी कोणी ना कोणी खोकत होतं. पलीकडच्या आळीतला माणूस जिना सोडा, उंबरा चढताना थांबायचा. सगळ्यांना कळलं होतं मी काय बोलते ते. कोणी उठला नाय. एक म्हातारा बोलला, "बाय, मोठ्या माणसाशी असं बोलू नये." दुसरा खोताच्या पायाशी पडलेलं पागोटं उचलून झटकायला लागला. मला खोतापेक्षा त्या झटकण्याचा राग जास्त आला. अजून येतो.

मी बोलले, "धोंडू ह्या जागेवर जाणार नाय. माझ्या बापाने ती जागा जीव देऊन भरली, परत भरायची नाय. आणि हे शिंग आमच्या घरचं हाय, देवीचं हाय. तुमच्या अंगणात ह्याच्यापुढे वाजणार नाय. दम बघायचा तर तुमच्या पोरांचा बघा."

खोत उठून गेला. जाताना मामाला बोलला, "खाचर ह्या सालापासून दुसऱ्याला."

झालं तसंच. खाचर गेलं. भावकीने आमच्याशी पंगत बंद केली, पागोट्याचा अपमान केला म्हणून. खोताचा अपमान त्यांना लागला. आबाचं मरण नाय लागलं. मी लाकडाच्या मोळ्या बांधून महाडाच्या बाजारात नेते. धोंडू खाली रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो. पहिलं सालभर तो माझ्याशी बोलला नाय. एकदाच बोलला, जेवता जेवता. "तू माझी मुंबई काढून घेतलीस."

मी बोलले, "हो, घेतली."

दुसरं काय बोलणार होते? त्याला मी मुंबईला जाऊ नको बोलत नाय. गिरणीत जा, गोदीत ओझी उचलायला जा, जिथे पाहिजे तिथे जा. त्या पांढऱ्या कामावर नाय. तेवढंच. तो रागावला तरी मला चालतं. संध्याकाळी कामावरून येतो तेव्हा चढावर त्याचा पाय एकसारखा ऐकू येतो, मध्ये कुठे थांबत नाय. मी चुलीपाशी बसून ते ऐकते. ओरडला तरी ओरडू दे. ओरडायला त्याच्याकडे हवा हाय.

खोताचा ठेका बंद झाला का? नाय. त्याने दुसऱ्या वाडीतून माणसं नेली. दुसरं शिंग आणलं. आता ऐकते, त्याच मालाचे पत्रेपण निघालेत, घरांवर घालायला. उद्या आमच्या शाळेवर येतील, देवळावर येतील, कोणीतरी उपकार म्हणून आणून देईल, आणि आमची माणसं त्याच्या पाया पडतील. पडू देणार नाय. मोळ्या घेऊन जाते त्या प्रत्येक वाडीत मी थांबते. बायकांना सांगते, नवरा घरी आला की त्याचे कपडे दारात झटकू नका. त्या गोणी घरात घेऊ नका. आमची गोधडी मी खड्ड्यात पुरली, तिच्यातली पांढरी कुसं जळत नव्हती म्हणून. सांगते की दवाखान्यात हमाली सांगू नका, जे काम करता ते सांगा, ओरडून सांगा. काही जणी ऐकतात. काही जणी बोलतात, ही रावजीची वेडी. बोलू देत.

मागच्या शिमग्याला खोताचा माणूस वाडीत आला होता. नवं शिंग फुटलं होतं म्हणे. बोलला, "तेवढं दोन दिवस द्या, मालकांनी मागितलंय. झालं गेलं विसरा."

मी शिंग खाली उतरवलं. त्याच्यासमोर बसून चिंचेने घासलं, लख्ख केलं, आणि परत मेढीला टांगलं.

आणि त्या माणसाला बोलले, पालखीला ते वाजेल. धोंडू फुंकेल, त्याला पोरं झाली की पोरं फुंकतील. खोताच्या अंगणात नाय. तुझ्या मालकाला सांग, परत मागायचं असेल तर स्वतः ये. उपरणं सोडून ये. मी दारातच बसलेली असते.